न उतरणारी रेघ

“सर, बेळगावकडची माणसं मरतच नाहीत का?”

रेवतीनं हे हसत विचारलं. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत ती आकडेमोडीसाठी नव्यानं आली होती. तिच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी किती जण अजून हयात आहेत, ते दाखवणाऱ्या. एक रेघ पायऱ्या उतरावी तशी वर्षागणिक खाली येत होती. या आजारात ती तशी येतेच. दुसरी, बेळगाव-निपाणी भागातल्या रुग्णांची, शेवटपर्यंत आडवी गेली होती.

“तिकडची हवा चांगली आहे,” मी म्हणालो. तीही पुन्हा हसली. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही.

कारण ती रेघ माझी होती.

आमचं काम थोडक्यात सांगतो. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा एक तुकडा आमच्याकडे येतो. त्या गाठीतल्या कुठल्या जनुकांची मोडतोड झाली आहे ते यंत्र वाचतं. अशा मोडतोडीच्या काही ठरावीक खुणा असतात. अमुक खूण असेल तर रोग परत येतो, तमुक असेल तर सहसा येत नाही, असं आधीच सांगता आलं तर डॉक्टर कुणावर जास्त लक्ष ठेवायचं ते ठरवू शकतात. पण त्यासाठी दोन गोष्टी कळाव्या लागतात. गाठीत कुठली खूण होती, हे यंत्र सांगतं. त्या माणसाचं पुढं काय झालं, हे कुणीतरी जाऊन बघावं लागतं. सहा वर्षं ते काम माझ्याकडं होतं. वर्षातून एकदा प्रत्येकाच्या घरी जायचं, असा नियम. पहिल्या वर्षी मी चार घरांत गेलो. नंतर पुण्यातूनच फोन केले, आणि फॉर्मवर ‘प्रत्यक्ष गृहभेट’ या चौकटीत बरोबरची खूण केली. का, याला सांगण्यासारखं कारण नाही. ऊन होतं, गुडघे दुखत होते, आणि कुणी तपासत नव्हतं.

आमच्या यादीतली सातव्या नंबरची खूण जास्त करून याच भागातल्या रुग्णांत सापडली होती. माझ्या फॉर्मांनुसार ते सगळे ठणठणीत होते. म्हणून सात नंबर ही सौम्य खूण ठरली. ती असलेल्या अकरा जणांना आम्ही पत्र पाठवलं, की आता दर दोन महिन्यांनी तपासणीला यायची गरज नाही, वर्षातून एकदा आलात तरी चालेल. ते पत्र सोप्या मराठीत मीच लिहिलं. खाली सहीही माझीच.

रेवतीच्या प्रश्नानंतर आठवड्यानं मी रजा टाकली आणि अकरा नावांची यादी बरोबर घेतली, त्यातली तीन घरं गाठायची ठरवली. बायकोला म्हणालो, बेळगावला जाऊन येतो, कुंदा आणतो. परत आल्याला आता महिना झाला. वरिष्ठांना द्यायचा तो जबाब देऊन झालाय. हे लिहितोय ते जबाबात न मावलेलं.

कंग्राळी

बेळगाव शहर उत्तरेला जिथं संपतं असं वाटतं, तिथं कंग्राळी सुरू होते. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला नव्या दुमजली घरांचे रंग. घरटी एकजण तरी सकाळी दुचाकीवरून शहरात कामाला जातो आणि संध्याकाळी येऊन गोठ्यात शिरतो. माती तांबडी. माझ्या पांढऱ्या बुटांची तिनं पहिल्या दहा मिनिटांत वाट लावली.

मारुती इथला. गवंडी होता. तोंडात कायम तंबाखूचा बार. उजव्या गालाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस होतं. माझ्या कागदावर तो सहा महिन्यांपूर्वी ‘हयात, रोगमुक्त’ होता.

पुण्यात अनोळखी माणूस दारात आला की जाळीच्या दारामागून “काय काम आहे?” असं येतं. इथं पाटावर बसवून, हातात पाणी देऊन, चहा आणि चिरमुरे पुढं ठेवल्यावर मग विचारलं, “कोण म्हणायचं तुम्ही?” मी नाव सांगितलं. मारुतीची बायको यल्लूबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

“अगंबाई, पुण्याचं साहेब! आप्पा, हेच की ते, फोन करनारं.”

आप्पा म्हणजे तिचा दीर परशराम. खाटेवर पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली ठेवला नाही, नुसता थोडा तिरका केला.

“व्हय? लई दिसांनी वाट सापडली.”

मी विचारलं, “मारुती कामावर गेलाय का?”

यल्लूबाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. ती बाहेर आली तेव्हाच मी ते बघितलं होतं आणि तरीही हा प्रश्न विचारला.

“कामावर,” परशराम म्हणाला. “व्हय. लई मोठं काम लागलंय त्याला. दोन वर्सं झाली, सुट्टी न्हाय.”

“आप्पा!” यल्लूबाई ओरडली.

“का? खोटं हाय?” त्यानं पेपराची घडी घातली. “साहेब, तुमची चिठ्ठी आल्ती. दर दोन महिन्यांनी यायची गरज न्हाय म्हणून. तवा वर्स झाल्तं त्याला जाऊन. मी वहिनीला म्हटलं, बघ, हुशार मानसं हाईत, त्यांना बरोबर ठाव हाय, हा आता काय येत न्हाय.”

ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात जबड्याखाली गाठ आली होती. त्याला मिरजेला नेलं होतं, म्हणून बेळगावच्या इस्पितळालाही कळलं नव्हतं. कळायला एकच वाट होती, ती म्हणजे मी.

“पण मी फोन केला होता,” मी म्हणालो. “तुम्ही म्हणालात, बरं आहे.”

“दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आल्ता फोन,” परशराम म्हणाला. “मी सांगतो म्हटलं, तर हिनं हातातनं हिसकावून घेतला आनि बरं हाय म्हणाली. तवापास्नं दर खेपेला तेच.”

यल्लूबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती. लाजली होती, आपली काहीतरी चूक पकडली गेल्यासारखी. “तुम्हीच म्हणालासा न्हवं? इस्पितळातनं घरी सोडलं त्या दिवशी. ‘आक्का, मी फोन केला की मला बरं हाय एवढंच ऐकू येऊ दे.’ तुम्ही एवढं आमच्यासाठी केलंसा. तुमचं मन कसं मोडायचं?”

मी म्हणालो होतो. प्रत्येकाला म्हणत होतो. गाठींचे तुकडे न्यायला बेळगावच्या इस्पितळात आलो, की घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून मी हे वाक्य बोलायचो. तिथल्या नर्सबाई कौतुक करायच्या, सर किती छान बोलतात. ते वाक्य मी मनात घोळवून तयार केलं होतं, त्यांच्या बोलीतला ‘हाय’ मुद्दाम त्यात घातला होता. त्यांना ती आज्ञा वाटेल, किंवा त्याहून वाईट, मला द्यायची भेट वाटेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

निघताना यल्लूबाईनं पिशवीत दोन किलो घरचा तांदूळ घातला. मी नको म्हणालो. “घ्या की साहेब,” परशराम म्हणाला, “न्हाईतर म्हणेल मन मोडलं.”

चुकीची बस

दुसऱ्या दिवशी निपाणीला जायचं होतं. बेळगावच्या स्टँडवर पाट्या कानडीत. मला वाचता येत नाहीत, पण गेली सहा वर्षं माझ्या कार्डावर ‘सीमाभाग समन्वयक’ असं छापलेलं आहे, त्यामुळं विचारायची लाज वाटली. गर्दी बघून चढलो. हायवे सोडून बस उजवीकडं वळली, तेव्हा कळलं की ही हुक्केरीला चाललीय.

“निपाणी?” कंडक्टरनं कपाळावर हात मारला. “अण्णा, बोर्ड वाचता येत न्हाय तर तोंड हाय की!” मग मागच्या बाकावरच्या कुणाला तरी कानडीत सांगून अख्ख्या बसला हसवलं. एका म्हातारीनं पिशवीतून पेरू काढून मला दिला. तिखट-मीठ लावलेला. मला वाटतं, मी रडवेला दिसत असणार.

हुक्केरीहून संकेश्वर, तिथून हायवे. दोन्हीकडं ऊस, मध्येच तंबाखू. तंबाखूचं शेत याआधी मी जवळून पाहिलं नव्हतं. रुंद, मऊ, हिरवीगार पानं, फ्लॉवरच्या पानांपेक्षा मोठी. दिसायला इतकं निरोगी पीक मी क्वचित पाहिलंय.

चिकोडी रस्त्यावरचं एक गाव

जिनगोंडा अण्णांच्या घरचे लोक जैन. चार एकर तंबाखू. घरात कांदा नाही, बटाटा नाही, मूळ म्हणून जमिनीखालून निघणारं काहीच नाही, कारण त्यात जीव मरतात. अंगणात तंबाखूची सुकलेली पानं रचून ठेवलेली. अण्णांनी स्वतः आयुष्यात तंबाखू तोंडात घातली नव्हती, असं ते मला इस्पितळात शपथेवर सांगायचे, आणि त्यांचा मुलगा सुकुमार पाठीमागून नाही अशी मान हलवायचा.

मी पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. सुकुमारनं दारातच सांगितलं, “दिवस मावळायच्या आत जेवून घ्या. मग बोलू.” “मला फक्त अण्णांचं…” मी म्हणालो. “जेवल्याशिवाय काही बोलायचं न्हाय.”

ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, दही, कारळ्याची चटणी. त्याची आई वाढत होती. भिंतीवर अण्णांचा फोटो होता, त्याला हार होता. मी त्याच्याखाली बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. आई म्हणाली म्हणून तिसरी घेतली. भाकरी फार चांगली होती, आणि हे लिहायला मला लाज वाटते.

हात धुतल्यावर सुकुमार माझ्यासमोर बसला. हा शिकलेला, बी. कॉम. झालेला, निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं कामाला. यल्लूबाईसारखी भीड त्याला नव्हती.

“दीड वर्ष झालं,” तो म्हणाला. “कोल्हापूरला गेले.”

“फोनवर तुम्ही सांगितलं नाहीत.”

“तुम्ही काय विचारत होतासा, आठवतंय?” त्यानं माझ्या पुणेरी आवाजाची नक्कल केली. ती हुबेहूब होती. “‘नमस्कार सुकुमार, वडिलांचं सगळं व्यवस्थित ना? गोळ्या वगैरे? छान, छान. काळजी घ्या हं.’ ह्यात मी कुठं बोलायचं? पहिल्यांदा मी ‘अहो सर’ म्हणालो, तोवर तुम्ही फोन ठेवलासा. दुसऱ्या वेळी म्हटलं, जाऊ दे. ह्यांना ऐकायचंच न्हाय.”

त्याची आई कानडीत काहीतरी म्हणाली. त्यानं मराठीत मला सांगितलं, “म्हणतीया, पाहुण्याला टोचून बोलू नको. देवमाणूस हाय.” मग तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “असतोय एकेकाचा समज.”

अण्णांच्या गाठीतही सातवीच खूण होती. रात्री निपाणीच्या लॉजवर मी कागदावर फक्त एवढं लिहिलं: तीनपैकी दोन. तिसरं नाव सुशीलाक्का. ती जिवंत आहे हे मला नक्की ठाऊक होतं, कारण महिन्यापूर्वी ती स्वतः फोनवर बोलली होती. पहिल्यांदाच मला तिच्या जिवंत असण्याची भीती वाटली. सात नंबर सौम्य नव्हती. आणि माझी चिठ्ठी तिच्या घरात वर्षभर होती.

निपाणी

निपाणीत सकाळी चहा पिताना आधी तंबाखूचा वास येतो, मग चहाचा. सुशीलाक्का एका वखारीत तंबाखू चाळायला जाते. पत्र्याची लांब शेड, खिडक्या कमी, आणि आत तीस-चाळीस बायका तोंडाला पदर बांधून चाळण्या हलवताहेत. मी दारात पाऊल टाकलं आणि शिंकायला लागलो. थांबेचना. बायका हसायला लागल्या.

“नवीन दिसतंय पाव्हणं!”

“दम घ्या बाहेर जाऊन!”

सुशीलाक्का हसतच बाहेर आली. वय पंचावन्न-छप्पन्न, नवरा नाही, मुलगा आणि सून. पूर्वी दिवसातून चार वेळा मिश्री लावायची. दात घासायला भाजलेली तंबाखू, इकडच्या बायकांची जुनी सवय. ऑपरेशननंतर तिनं ती सोडली होती. तिनं पदर खाली केला. डाव्या कानाखाली, मानेवर, सुपारीएवढी गाठ होती. मी डॉक्टर नाही. पण इतकी वर्षं या कामात असल्यावर काही गोष्टी डोळ्यांना कळतात.

“हे कधीपासून?”

“हे व्हय? तीन म्हैनं झालं. दुकत न्हाय काय न्हाय. सून मागं लागल्याली, जावा जावा म्हणून. मी तिला तुमची चिठ्ठी दावली. म्हटलं, साहेबानं लिवलंय, वर्साला एकदा. दिवाळी झाली की मी जातो.”

इकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. पुण्यात ते कानाला खटकलं असतं. इथं ते एखाद्या कर्त्या माणसासारखं ऐकू येतं.

“दिवाळीपर्यंत थांबायचं नाही. आत्ता बेळगावला चला. माझ्याबरोबर.”

“आज? खाडा पडंल की.”

“आक्का, चला.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “तुम्ही एवढ्या लांबनं त्यासाठीच आलासा?”

“हो,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. आणि तिला ते बरं वाटलं, हे मला दिसलं. मुकादमाला सांगून, घरी जाऊन, सुनेला घेऊन ती आली. तवंदीचा घाट चढताना तिनं मला स्तवनिधीचं देऊळ कुठल्या बाजूला आहे ते दाखवलं, सून लहान असताना कशी हट्टी होती ते तिच्या आईकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, सून खिडकीतून बाहेर बघत हसत राहिली. दीड तासाचा रस्ता. एवढ्या वेळात सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

बेळगाव

इस्पितळातले डॉक्टर नवे होते, तरुण. त्यांनी मान चाचपली, तोंडात बॅटरी धरली, पुन्हा मान चाचपली. मग जरा चढ्या आवाजात म्हणाले, “तीन महिने? मावशी, ताबडतोब यायचं नाही का?”

सुशीलाक्कानं कमरेची पिशवी सोडली. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली चिठ्ठी काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. आपण नियम मोडलेला नाही हे दाखवायला.

डॉक्टरांनी ती वाचली. शेवटी सहीपाशी थांबले. “हे कोण?”

“मी,” मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठी आक्काला परत दिली. सुई घालून तपासणी करायची म्हणून लिहून दिलं, स्कॅन लिहून दिला. आक्का बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाले, “परत आलाय. किती पसरलाय ते बघू. तीन महिन्यांपूर्वी आल्या असत्या तर सोपं होतं.”

सून कागद घेऊन खिडकीशी रांगेत उभी राहिली. मी आक्काशेजारी बाकावर बसलो आणि सगळं सांगितलं. मारुतीचं, जिनगोंडा अण्णांचं, फोनचं, गृहभेटीच्या चौकटीचं. सातवी खूण म्हणजे काय तेही. मध्येच थांबत होतो, पण ती मला मदत करत नव्हती.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “म्हंजे मेलेली मानसं तुम्ही जिती लिवलीसा.”

“हो.”

“आनि त्येंच्या जिवावर मला चिठ्ठी.”

“हो.”

मग माझे डोळे भरून आलेले तिला दिसले असावेत, कारण ती जरा बाजूला सरकली.

“किती जनांस्नी धाडलीसा ही?”

“अकरा.”

“त्यातलं?”

“दोघं आधीच गेले होते. एक तुम्ही.”

तिनं बोटं दुमडली. “आट ऱ्हायली.” मग माझ्याकडं वळली. “मग हितं माझ्याशेजारी बसून काय करतासा? मला सून हाय. त्येंच्या गळ्याला कुनी हात लावून बघितलाय काय?”

“तुमचा रिपोर्ट येईपर्यंत तरी…”

“माझा रिपोट मला कळतोय. जावा की!”

मी उठलो. चिठ्ठीसाठी हात पुढं केला; वरिष्ठांना दाखवायला ती लागेल असं मला वाटलं. तिनं ती पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि पिशवीत घातली.

“ही न्हाय मिळायची,” ती म्हणाली. “उद्या तुम्ही न्हाय म्हणालासा, तर मी काय दावू?”

मी जिना उतरून खाली आलो. यादीतलं पुढचं नाव खानापूरचं होतं.